डाव्या गालाची तार

१२ जानेवारी

ती. वन्सं यांना,

साष्टांग नमस्कार घालावा तर गुडघे ऐकत नाहीत, म्हणून खुर्चीत बसूनच करते. पूर्ण धरून घ्या. तुमचा खोकला, तुमच्या कुंड्या आणि वरच्या मजल्यावरचे ते पाय आपटणारे भाडेकरू, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. भाडेकरू ठीक नसले तरी चालेल.

फोनच करणार होते. पण मागच्या वेळी तुम्ही तिकडून "काय?" आणि मी इकडून "काही नाही" एवढंच ओरडत राहिलो, आणि शेवटी शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली. कानाचं यंत्र तुम्ही काही लावणार नाही, तेव्हा पत्रच बरं.

इकडची खबर अशी की तुमच्या भाचीने मला कामाला लावलं आहे. निवृत्त झाल्यापासून आई खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत असते, ही तिची तक्रार. ती विद्यापीठाच्या कचेरीत असते हे तुम्हाला माहीतच आहे. तिथे कोणाला तरी प्रयोगासाठी पन्नाशी उलटलेली माणसं हवी होती. "आमच्याकडे एक आहे, अगदी रिकामं," असं म्हणून ही बया माझं नाव देऊन आली. मला विचारलं कधी? नाव दिल्यावर. तुमच्यावर गेली आहे.

तर आता मी दर आठवड्याला प्रयोगशाळेत जाते. प्रयोगशाळा म्हटल्यावर मला वाटलं होतं काचेच्या नळ्या, धूर, काहीतरी उकळतंय. तसलं काही नाही. एक खोली, एक खुर्ची, समोर पडदा, आणि मागे काचेपलीकडे दुसरी खोली. प्रयोग करणारी मुलगी डॉक्टरेटचा अभ्यास करते. लहान चणीची आहे आणि केसांत नेहमी पेन्सिल खोचलेली असते. मी तिला मनातल्या मनात पेन्सिलबाई म्हणते.

पेन्सिलबाई आधी माझा डावा गाल आणि कपाळ स्पिरिटने पुसते, मग कसल्याशा खरखरीत मलमाने घासते, पातेल्याचा तळ घासावा तशी. मग शर्टाच्या बटणाएवढ्या वाट्या असतात, त्यांना ती सेन्सर म्हणते. त्यांत पांढरी पेस्ट भरून चिकटवते. दोन गालावर, दोन भुवईच्या वर आणि एक कपाळाच्या मधोमध. प्रत्येकीला एकेक तार, आणि सगळ्या तारा कानामागून नेऊन एका डब्यात खोचलेल्या. हे सगळं कशाला, तर म्हणे चेहऱ्याच्या कातडीचं तापमान मोजायला. आरशात बघितलं तेव्हा मी एखाद्या उघड्या पडलेल्या रेडिओसारखी दिसत होते.

नंतर पडद्यावर चित्रं दाखवतात. खिदळणारं बाळ, दात विचकणारा कुत्रा, आगीत सापडलेलं घर. मध्येमध्ये, मन पुन्हा जागेवर यावं म्हणून, अगदी निरस वाक्यं ऐकवतात. "कपाट दाराच्या डाव्या बाजूला आहे." "टेबलाला चार पाय आहेत." "दोरी पिशवीत ठेवली आहे." कोणी पुरुष वाचतो. वाचतो कसला, सामान मोजून घेतल्यासारखा बोलतो.

पेन्सिलबाई म्हणाली, "काकू, चेहरा सैल सोडा, काही दाखवायचा प्रयत्न करू नका, लपवायचाही करू नका." मी म्हटलं, "बाळ, मी जन्मभर कोर्टात लघुलेखन केलंय. माझा चेहरा सैलच असतो." आणि तिला पोपटाची केस सांगितली. तुम्हाला आठवत असेल, शेजाऱ्याचा पोपट रोज सकाळी शिव्या देतो म्हणून एकाने दावा लावला होता, आणि साक्षीदाराने पोपटाचा आवाज काढून दाखवला होता. वकील टेबलावर आडवे झाले, न्यायाधीशांनी तोंडासमोर फाइल धरली. मी पोपटाचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले आणि साक्षीदाराला म्हटलं, "जरा सावकाश बोला." हसलं की हात हलतो, आणि हात हलला की कागदावर भलत्यालाच शिक्षा होते. सवयच जडली. तुम्ही उगीच नाही मला पहिल्या भेटीत घुमी म्हणालात.

सगळं छान चाललंय. अडचण एकच. माझ्या डाव्या गालाची तार खराब आहे.

पहिल्या दिवशी मधूनच पेन्सिलबाईची कुजबुज सुरू झाली. तिच्या पडद्यावर गालाची रेघ भलत्या वेळी उड्या मारत होती. बाळाच्या चित्राला ठीक होती, कुत्र्यालाही ठीक, आणि कपाट दाराच्या डाव्या बाजूला आलं की टुणकन वर. मग दुरुस्तीवाल्यांना बोलावलं. विद्यापीठातली सगळी यंत्रं ते एकटेच बघतात. उंच आहेत, थोडे वाकून चालतात, शर्टाच्या खिशात पेनऐवजी पेचकस. त्यांनी वाट्या बदलल्या. पुढच्या आठवड्यात तार बदलली. त्याच्या पुढच्या आठवड्यात डबाच बदलला. रेघ ऐकेना. आता ते माझ्या वेळेला आधीच येऊन काचेपलीकडे बसलेले असतात.

गंमत ऐका. ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले, "गालाची तार जरा इकडे द्या," आणि मी चमकले. कपाटवाला आवाज तो हाच! पेन्सिलबाईला म्हणे भावनेचा लवलेश नसलेला आवाज हवा होता. सगळी इमारत पालथी घातली, शेवटी हे सापडले. मी त्यांना म्हटलं, "वाईट नाही का वाटलं?" तर त्याच सुरात म्हणाले, "नाही. माझी निवड झाली." कधी एखादा शब्द वर जात नाही की खाली येत नाही. जिना उतरताना परवा म्हणाले, "पायरी तुटकी आहे. मी एकदा पडलो. मजा आली नाही." तुम्ही असतात तर पायरीवर बसून हसला असतात.

असो. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तुमची भाची मजेत आहे. खोकल्याचं औषध संपवा, अर्ध्यावर टाकू नका.

तुमची
घुमी

*

९ फेब्रुवारी

ती. वन्सं यांना,

नमस्कार. गुडघे तसेच आहेत, तेव्हा पद्धतही तीच.

मागच्या पत्रात मी तापमानाचं लिहिलं होतं. ते खोटं होतं. माझं नव्हे, पेन्सिलबाईचं.

प्रयोग संपला आणि शेवटच्या दिवशी तिने मला समोर बसवून सगळं सांगितलं. त्या वाट्या तापमान मोजतच नाहीत. चेहऱ्याचा कुठलाही स्नायू कामाला लागतो तेव्हा त्याच्यात बारीकशी वीज खेळते. ती या वाट्यांना कातडीवरूनच कळते. भुवईवरच्या वाट्या आठ्यांसाठी आणि गालावरच्या हसण्यासाठी. माणूस आतल्या आत हसला, ओठ जागचे हलले नाहीत, समोरच्याला काही दिसलं नाही, तरी गालाच्या स्नायूला ते कळलेलं असतं. हे आधी सांगितलं तर माणूस चेहरा सांभाळून बसतो, म्हणून तापमानाची थाप. पोरीने माफी मागितली, हवं तर माझ्या सगळ्या नोंदी पुसून टाकते म्हणाली. मी म्हटलं, राहू देत. आपण गालातल्या गालात हसणं म्हणतो ना, ते नुसतं बोलण्यापुरतं नाही वन्सं. ते मोजता येतं!

मग ती जरा घुटमळली. म्हणाली, "काकू, तुमच्या तारेचंही सांगायचंय."

झालं होतं असं, की ती वाक्यं मुद्दामच निरस. त्यांना कोणाचा गाल हलायलाच नको. म्हणून रेघ उडाली की या दोघांनी धरून चालायचं की तार सैल आहे. हसू असेल हे त्या शिकलेल्या पोरीच्याही डोक्यात आलं नाही, आणि दुरुस्तीवाल्यांच्या तर नाहीच. शेवटच्या आठवड्याच्या आधी तिने एक करून बघितलं. तीच वाक्यं दुसऱ्या माणसाच्या आवाजात मला ऐकवली. रेघ आडवी. तिसऱ्याच्या आवाजात ऐकवली. आडवी. पुन्हा पहिला आवाज लावला, आणि टेबलाला चार पाय आहेत म्हटल्याबरोबर रेघ थेट वर.

"तार पहिल्यापासून ठीकच होती काकू," ती म्हणाली आणि केसांतली पेन्सिल काढून पुन्हा खोचली.

मी कोर्टात ऐकतात तसं शांतपणे ऐकून घेतलं. म्हटलं, तुझी काहीतरी चूक होत असेल. तर तिने पडदा माझ्याकडे वळवला, मला वाट्या लावलेल्याच होत्या, आणि तिने ते कपाटाचं वाक्य लावलं. शेजारी आरसा होता. आरशात माझा चेहरा होता तसाच होता, दगड. आणि पडद्यावर गालाची रेघ अशी उडाली की मीच दचकले. त्यात भर म्हणजे मी एकटी बघत नव्हते. दुरुस्तीवाल्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, ते त्या दिवशीही तार तपासायला आलेले, माझ्या खुर्चीमागे पेटी उघडून उभे होते. हातात पेचकस तसाच.

मग ते म्हणाले, "म्हणजे तार चांगली होती."

रेघ पुन्हा उडाली. त्यांनी ती बघितली, मी ती बघितली, पोरीने छताकडे बघितलं. आणि ते निघून गेले. पेटी तिथेच राहिली.

तुम्हाला हसू येत असेल. मलाही येतंय, आता लिहिताना, आणि वाट्या न लावताही दिसेल इतकं. त्या दिवशी मात्र घरी आल्यावर मला वेगळंच आठवत राहिलं. हे गेले तो दिवस. घरात माणसं मावत नव्हती, मी भिंतीला टेकून बसले होते आणि माझ्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. कोणी बाई दुसरीच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी, म्हणाली, "डोळ्यांतून टिपूस नाही बघा." तेव्हा तुम्ही उठलात. भाऊ तुमचा गेला होता. तरी उठलात आणि म्हणालात, "तिचं आत चाललंय. दिसत नसेल तर चहा घ्या आणि निघा."

पोरीला एवढी यंत्रं लागली वन्सं. तुम्हाला तेव्हा काही लागलं नव्हतं. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून आज लिहून ठेवते.

बाकी विशेष काही नाही. प्रयोग संपला, तेव्हा आता तिकडे जायचं कारण उरलं नाही. त्यांची हत्यारांची पेटी मी आणि तुमच्या भाचीने मिळून घरी आणली आहे. कोणी उचलून नेली तर, म्हणून. चांगलीच जड आहे. रेघेचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका, ते शेवटी शास्त्र आहे.

तुमची
घुमी

*

२ मार्च

ती. वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. एवढं मोठं कार्ड आणि त्यावर चारच शब्द: "पेटी परत केलीस का?" लोक तुम्हाला आजारी समजतात हे लोकांचं अज्ञान.

नाही केली. ते न्यायला आले.

आले, चहा घेतला, पेटी विसरून गेले. दुसऱ्या दिवशी पेटी न्यायला पुन्हा आले. अशी ती पेटी नेणं बरेच दिवस चाललं होतं. दर वेळी जाण्याआधी त्यांना घरात काहीतरी बिघडलेलं दिसायचं. दाराची घंटा, खिडकीची कडी, पंख्याची खरखर, तुमच्या भाचीची कसलीशी चार्जिंगची पिन. शेवटी भाचीच मला म्हणाली, "आई, आता आपल्या घरात बिघडलेलं काही उरलं नाही. मी काहीतरी मोडून ठेवू का?"

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. तिच्याबद्दल बोलतात तेही त्याच सपाट आवाजात. "ती जोरात हसायची. घरात दोघांचं तीच हसायची." एवढंच म्हणाले आणि बशीतला चहा कपात की कपातला बशीत, काहीतरी करत बसले. मला त्या आवाजातलं आता ऐकू येतं वन्सं. पोरीला जिथे काही सापडलं नाही तिथे मला भरपूर सापडतं. मला वाटतं आम्ही दोघं एकाच कारखान्यातली आहोत. माझं चेहऱ्यावर येत नाही, त्यांचं आवाजात येत नाही.

गेल्या रविवारी ते आले, पेटी उचलून दारापर्यंत गेले, परत आले, पेटी खाली ठेवली आणि म्हणाले, "माझ्याकडे एक कपाट आहे."

मी म्हटलं, "दाराच्या डाव्या बाजूला?"

"उजव्या. दोन दारांचं आहे. एका दारामागे माझे शर्ट आहेत. दुसरं उघडायचं कारण पडत नाही. तुम्ही वापरलात तर बिजागरी गंजणार नाही."

मला कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा माझा हात आपोआप गालावर गेला. वाट्या नव्हत्या, तार नव्हती, आणि गाल असा वर गेला होता की हाताला माझेच दात लागले. मी विचार करते म्हटलं. ते म्हणाले, "करा. घाई नाही. मी तोवर तेल घालून ठेवतो."

भाचीला सांगितलं. ती रडली, मग हसली, मग माझे दोन्ही गाल ओढले आणि विचारलं, "आत्याला सांगितलंस?" तेव्हापासून हे पत्र लिहिते आहे आणि फाडते आहे.

मला हो म्हणायचं आहे. हे आडपडद्याशिवाय लिहिते, कारण पडदा तुमच्यापुढे टिकतही नाही. मला आनंद झाला आहे. सकाळी दात घासताना होतो, बसमध्ये होतो, भाजी चिरताना होतो, कुठेही होतो. या वयात हे होईल असं कोणी सांगितलं असतं तर मी ते उतरवून घेतलं असतं, पण खरं मानलं नसतं.

पण परवा त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. गोड बाई आहे, आवाजात दोघांचा मिळून आनंद. म्हणाली, "वहिनी, आता मी तुमची वन्सं होणार!" आणि मी फोन ठेवून दिला. नंतर खोटंच सांगितलं, लाइन कट झाली म्हणून.

वन्सं म्हणजे तुम्ही. या घरात मी आले तेव्हा मला तो शब्द जड वाटायचा, जीभ अडखळायची, तुम्ही म्हणायचात, "घुमे, गिळू नकोस, हाक मार." मग तो इतका तोंडात बसला की कोर्टातही एकदा न्यायाधीशांना मी "हो वन्सं" म्हणाले होते. "हे" म्हटलं की तुमच्या आणि माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस येतो, आणि तो शब्द मी दुसऱ्या कोणाला देणार नाही. त्यांना सांगितलं तसं. ते म्हणाले, "मला अहो पुरे." तो प्रश्न तिथे मिटला. तुमचा कसा मिटवायचा?

मी तुमची कोण? तुमच्या भावाची बायको. सगळं नातं त्या एका आधारावर उभं आहे. कोर्टात मी हजारदा लिहिलंय, आधार काढून घेतला की दावा टिकत नाही. मी दुसऱ्या घरची झाले तर तुम्हाला पत्र कोण म्हणून लिहू? वर काय लिहू? सुट्टीत तुमच्याकडे येऊन तुमच्याच पलंगावर आडवी पडून तुमच्याशी भांडायचं, ते कुठल्या हक्काने?

मी इतके दिवस इकडचं तिकडचं लिहीत बसले ते या भीतीनेच. तुम्ही रागवाल याची भीती नाही, तुमचा राग मला पाठ आहे. तुम्ही समजूतदारपणे "सुखी राहा" म्हणाल आणि हळूहळू लांब व्हाल, याची भीती आहे. तसं होणार असेल तर मला ते कपाट नको. खरंच नको. मी त्यांना नाही म्हणेन, मनापासून म्हणेन, आणि तुमच्यावर रुसणार नाही. ज्या माणसाला माझ्या आतलं न सांगता कळतं, असं माणूस मला एकच होतं बरीच वर्षं. आता दुसरं मिळालं म्हणून पहिलं द्यायला मी तयार नाही.

जे वाटेल ते लिहा. माझ्यासाठी गोड करून लिहू नका.

तुमची
(पुढे काय लिहावं ते तुम्ही ठरवेपर्यंत नुसतीच)
घुमी

*

११ मार्च

घुमे,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. उशीर झाला कारण दोन दिवस मी तुझ्याशी बोलत नव्हते.

तू गोड करून लिहू नका म्हणालीस, तर घे. कपाटापर्यंत वाचलं आणि पुढे वाचवेना. माझा भाऊ होता तो. त्याचे शर्ट कुठल्या कपाटात असायचे ते मला माहीत आहे. पत्र पालथं ठेवलं आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले. एकाच कुंडीला घालत राहिले, ती वाहायला लागली. मग वरच्या भाडेकरूंच्या नावाने थोडी ओरडले, ते बिचारे त्या वेळी घरातही नव्हते. मग आत आले आणि पुढचं वाचलं.

पुढचं वाचलं आणि तुझा राग आला. दावा म्हणे! आधार म्हणे! कोर्टातलं कोर्टात ठेवावं माणसाने. तो गेल्यावर मी तुझ्याकडे येऊन राहिले ते तुला सांभाळायला, असं सगळे समजतात. तूही समजतेस. मला माझ्या घरी एकटीला रडता येईना म्हणून आले होते. तुझ्या शेजारी बसून येत होतं. तू एक शब्द बोलत नव्हतीस, पाठीवर हातसुद्धा ठेवत नव्हतीस, नुसती शेजारी बसायचीस, पण मला पुरत होतं. ते काय भावाची बायको म्हणून पुरत होतं? भावाच्या बायका मी बघितल्या आहेत, आमच्या काकांच्या घरी चांगल्या रांगेने होत्या.

आणि लांब मी होईन? माझे पाय बघितलेस ना? लांब व्हायला मला आधी खुर्चीतून उठावं लागेल.

तुझं मला पहिल्याच पत्रात कळलं होतं. लेकीबद्दल चार ओळी आणि दुरुस्तीवाल्यांबद्दल पानभर, आणि वर "लिहिण्यासारखं काही नाही". मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि खूप हसले. मग थोडं वाईट वाटलं. मग पुन्हा हसले. असंच होणार आहे आता काही दिवस, तू त्याची काळजी करू नकोस.

तो माणूस तुझ्या गालाची तार बदलत बसला, यावरून मला तो पसंत आहे. हसू कळलं नाही तरी जागा बरोबर शोधली.

"वन्सं" म्हणशील तर देऊन टाक त्या धाकटीला. खुशाल दे. वापरून वापरून चांगला मऊ झालेला शब्द आहे, नीट सांभाळ म्हणावं. आणि तिला आधी फोन कर, लाइन कट झाली होती ना तुझी.

आता कामाचं बोलू. नोंदणीच्या कचेरीत दोन्हीकडचे साक्षीदार लागतात. त्यांच्याकडून त्यांची बहीण येईल. तुझ्याकडून कोण? तुझे आईवडील गेले. पाठीवर भावंड नाही. मागच्या लग्नात तरी तुझे बाबा होते, आणि आमचं सगळं वऱ्हाड एकीकडे आणि ते बिचारे एकटे दुसरीकडे उभे होते. मी तेव्हा नवऱ्याकडच्या घोळक्यात होते आणि मला ते बघून कसंतरी झालं होतं. तुझ्या लेकीला उभी करशील तर ती रडून सही ओली करेल, ती माझ्यावर गेली आहे म्हणतेस तर तुला हे माहीत हवं.

तेव्हा मी येते. नवरीकडची म्हणून येते. चार दिवस आधी, कारण नवरीकडच्यांना कामं असतात. तुझ्या बाजूला मी उभी राहीन, आणि त्या कागदावर नवरीशी नातं काय असं विचारलं असेल तिथे काय लिहायचं ते मी ठरवून ठेवलं आहे. कोणाला विचारायचं नाही आणि कोणी मला विचारायचं नाही. तुझं लग्न होऊन तू सासरी गेलीस, की सुट्टीत यायचं ते माझ्याकडे. पलंग तुझाच, भांडणही तुझंच, आणि हक्क कुठला असं कोणी विचारलं तर सांग, माहेरी निघाले आहे.

तारीख लवकर कळव. मला तिकीट काढायचं आहे.

तुझी
ताई